हातचं कॉलेज सोडावं का?



मिहानमध्ये कंपन्या आल्या, एम्स आलं, तशी आयआयएम म्हणजे भारतीय व्यवस्थापन संस्थाही आली. 2015 साली ती नागपुरात व्हीएनआयटीच्या आवारात सुरू झाली. मे 2022 मध्ये मिहानमधल्या तिच्या स्वतःच्या आवाराचं उद्घाटन तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झालं. आपल्यातल्या कितीतरी जणी त्या फाटकासमोरून कामाला जातात.

मागच्या मे महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईच्या लेकीला तिथून प्रवेशाचं पत्र आलं. पोरगी आधीच नागपुरात एका कॉलेजात एमबीए शिकत होती, पहिलं वर्ष झालं होतं. नोव्हेंबरात तिनं पुन्हा कॅट परीक्षा दिली आणि नंबर लागला. गटाच्या बैठकीत आम्ही सगळ्याच म्हणालो, "जाऊ दे तिला!" ताई मात्र गप्प होती. तिचं निम्मं वावर मिहानमध्ये गेलेलं. राहिले दोन एकर. तिला भीती होती, फीपायी तेही जाईल.

मग आम्ही वही काढली. गटाचं कर्ज घेताना जसा हिशेब मांडतो, तसाच मांडला.

पहिला प्रश्न, सोडताना काय जाईल? आयआयएममध्ये थेट दुसऱ्या वर्षाला घेत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे एक वर्ष गेलं. शिवाय 2024-25 पासून आपल्या राज्यात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. पण प्रवेश सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. आयआयएमचा प्रवेश त्यात येत नाही. म्हणजे माफीही जाणार.

दुसरा प्रश्न, पैसा कुठून? आयआयएमची दोन वर्षांची फी पंधरा लाखांच्या वर जाते. अभ्यासक्रम निवासी आहे, त्यामुळे घर जवळ असलं तरी राहण्या-जेवणाचा खर्च धरावा लागतो. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक चांगल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार न घेता कर्ज मिळतं. घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असतानाचं पूर्ण व्याज आणि 8 लाखांपर्यंत असेल तर 3 टक्के व्याज सरकार भरतं, अर्थात योजनेच्या अटींप्रमाणे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती वेगळी आहे. तिची चौकशी आधी करा.

तिसरा प्रश्न, फेडणार कसं? 15 लाखांचं कर्ज, 9 टक्के व्याज आणि 10 वर्षं मुदत धरली तर हप्ता येतो महिन्याला सुमारे 19 हजार. तेवढा हप्ता देऊन पोरीच्या हातात काय राहील? इथं जाहिरातीतल्या 'सरासरी पगारा'वर जाऊ नका. समजा, दहा जणींच्या गटात नऊ जणी पाच-पाच हजार कमावतात आणि दहावी एक लाख. सरासरी निघते साडेचौदा हजार, पण तेवढे कमावणारी गटात एकही नाही! म्हणून मधल्या मुलीला किती मिळाले ते विचारा. त्याला 'मिडियन' म्हणतात. दोन्ही संस्थांचा आकडा मागा.

चौथा प्रश्न पोरीला, तुला करायचं काय आहे? हा प्रश्न आम्ही शेवटी विचारला. खरं तर तो आधी विचारायला हवा होता. ती म्हणाली, तिला मोठ्या कंपनीत मालाची खरेदी-वाहतूक सांभाळायची आहे, आणि तिच्या कॉलेजात तशा कंपन्या येतच नाहीत. ती तिनं वर्षभर पाहिलं होतं. या उत्तरानं वहीतला हिशेब पूर्ण झाला. तिनं जायचं ठरवलं. वावर गहाण पडलं नाही.

पण दुसऱ्या एका मुलीनं उलट ठरवलं, तेही सांगतो. तिला बाहेरगावच्या एका नावाजलेल्या खासगी संस्थेचं बोलावणं होतं. मधला पगार दोन्हीकडे जवळपास सारखाच निघाला, फी मात्र कितीतरी पट. ती आहे तिथंच राहिली. तिचंही बरोबरच.

आता एक सावधगिरी. पहिल्या मुलीला कॉलेजच्या कार्यालयात सांगितलं, "दुसऱ्या वर्षाची फी भरा, मग दाखले न्या." ताई घाबरली. मैत्रिणींनो, असं मागता येत नाही. एआयसीटीईचा नियम आहे, की प्रवेश सोडणाऱ्याकडून पुढच्या वर्षांची फी घ्यायची नाही आणि मूळ कागदपत्रं अडवायची नाहीत. आम्ही लेखी अर्ज दिला, त्यावर नियम लिहिला आणि पोच घेतली. दाखले मिळाले. वर्ग सुरू होण्याआधीच प्रवेश रद्द केला, तर याच नियमानं जास्तीत जास्त 1000 रुपये कापून बाकी फी परत मिळते. म्हणून उशीर करू नका.

आणि प्रतीक्षायादीत नाव आलं म्हणजे प्रवेश झाला असं नाही. नव्या संस्थेचं पक्कं पत्र हातात पडेपर्यंत जुनं कॉलेज सोडू नका.

तुमच्या गटात अशी लेक असेल, तर पुढच्या बैठकीत तिला बोलवा. हेच चार प्रश्न वहीत लिहा, आणि चौथा सगळ्यात आधी विचारा.