आघातांत ऊर्जा जाते कोठें?

ऊर्जा कधींहि नष्ट होत नाहीं, असें शाळेंतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत एके ठिकाणीं छापलेलें असतें. आणि पुढच्याच प्रकरणांत, दोन पदार्थ आदळून एकमेकांस चिकटले म्हणजे ऊर्जेची 'हानि' होते, असें मुलें वाचतात. या दोन विधानांचा मेळ कसा घालावयाचा, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

१००० किलोग्रॅमची एक गाडी सेकंदास १० मीटर वेगानें येऊन तितक्याच वजनाच्या उभ्या गाडीवर आदळली, व दोन्ही एकमेकींत अडकून पुढें सरकल्या, असें समजा. संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, कायम राहतो. म्हणून जोडीचा वेग सेकंदास ५ मीटर होतो. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणें बदलते. आघातापूर्वीं ती ५०,००० ज्यूल होती, ती आतां २५,००० च उरली. बाकीची निम्मी पत्रा वाकविण्यांत, धातु तापविण्यांत व थोडीशी आवाजांत खर्ची पडली. ती गतीच्या खात्यांतून निघाली, एवढाच 'हानि' या शब्दाचा अर्थ.

हा हिशेब विद्वानांसहि सहजासहजीं सुटला नाहीं. १७२२ सालीं हॉलंडांतील लायडेनचे प्राध्यापक ग्राव्हेसांड यांनीं पितळेचे गोळे मऊ मातीवर टाकून पाहिले. वेग दुप्पट होतांच खळगा चौपट झाला! एमिली द्यू शातले या फ्रेंच विदुषीनें १७४० सालच्या आपल्या ग्रंथांत या मताचा पुरस्कार केला. गोळ्याची गति मातीनें गिळली खरी, पण खळग्याच्या रूपानें तिची पावती दिली.

लोहारास तर ही हानि हवीच असते. ५ किलोग्रॅमचा घण ९५ किलोग्रॅमच्या ऐरणीवर न उसळतां बसला, तर शेंकडा ९५ भाग ऊर्जा गतींतून निघते व बहुतेक तापल्या लोखंडास आकार देण्याच्या कामीं येते. ऐरण जड ठेवण्याचें इंगित हेंच. सुताराचें उलट असतें. त्यास खिळा आंत जावयास हवा, चेपावयास नको. म्हणून त्याचा हातोडा खिळ्याहून पुष्कळ जड असतो.

मोटारीच्या अपघातांत हाच प्रश्न जीवनमरणाचा होतो. बेला बारेनी या अभियंत्यानें १९५१ सालीं एका रचनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला. मोटारीचा पुढचा व मागचा भाग चुरगळणारा, आणि माणसें बसण्याची मधली जागा मात्र भक्कम, अशी ती रचना होती. १९५९ पासून मर्सिडीज-बेंझच्या मोटारींत ती आली. चुरगळण्यामुळें थांबण्याचें अंतर वाढतें व धक्का सौम्य होतो.

तेव्हां आघातानंतर मोटारीचें नाक चेपलेलें पाहून ती कच्ची होती असें म्हणूं नये. ऊर्जेला कोठें तरी जावेंच लागतें. पत्र्यानें ती घेतली नाहीं, तर हाडांना घ्यावी लागते. आसनाचा पट्टा बांधावा, म्हणजे त्या चुरगळण्याचा लाभ आपल्या देहासहि मिळतो. आणि वेग दुप्पट केला कीं पचवावयाची ऊर्जा चौपट होते, हें चालविणारानें विसरूं नये.