विमानाला उशीर झाला, तर?

वऱ्हाडच्या माणसाला वाट पाहणे कुणी शिकवावे लागत नाही. तो पावसाची वाट पाहतो, कापसाच्या भावाची पाहतो आणि मूर्तिजापूरला शकुंतला गाडी धावत होती तोवर तिचीही त्याने मनसोक्त पाहिली. एका अंगाला अचलपूर व दुसऱ्या अंगाला यवतमाळ असा तिचा पसारा. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या त्या गाडीच्या भरवशावर कुणी पाहुण्यांसाठी चुलीवर भात ठेवीत नसे!

आता काळ पालटला आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. आमच्या अकोल्याला शिवणीची धावपट्टी आहे, पण प्रवासी विमानाचा योग अजून यावयाचा आहे. म्हणून आम्ही आगगाडीने मुंबई गाठतो आणि तेथून परदेशी. मुले शिकावयास किंवा नोकरीस परदेशी आणि आईवडील त्यांच्या भेटीला, हा प्रकार अकोला-अमरावतीच्या घरांतून आता नवलाचा राहिलेला नाही. आणि मग एखाद्या रात्री विमानतळाच्या फलकावर आपल्याच विमानापुढे ‘विलंब’ हा शब्द उमटतो.

हा उशीर होतो तरी कसा? एकच विमान दिवसातून अनेक फेऱ्या करीत असते. अकोटहून येणारी एस. टी. रखडली की त्याच गाडीने पुढे जाणारेही अकोल्याला खोळंबतात, तसेच हे. दिल्लीला पहाटे धुके पडले की त्याचा फटका दुपारी मुंबईच्या उताऱ्यांना बसतो. शिवाय वैमानिकांच्या कामाच्या तासांना मर्यादा असते. ती संपली की दुसरा वैमानिक आणल्यावाचून विमान हलत नाही. कधी निसर्गच रुसतो. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडचा ज्वालामुखी भडकला, तेव्हा राखेमुळे युरोपातील सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली. तेव्हा खिडकीपलीकडच्या मुलीवर ओरडून काही साधत नाही.

आमच्यावर हा प्रसंग आला तो थोरल्या लेकीच्या पदवीदान समारंभाला लंडनला निघालो असताना. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई, सौभाग्यवती आणि चौदा वर्षांचे चिरंजीव. मुंबईला कळले, विमान सात तास उशिरा सुटणार. आई म्हणाली, “काहून रे बाप्पा, इमानबी पंचर होते का?” सारे हसले. पण तिला मधुमेह आहे, रोज इन्शुलिन घ्यावे लागते, हे आठवताच हसू ओसरले.

म्हणून आधी काळजी मिटवावी, मग मौज करावी. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी नेहमी हातातल्या पिशवीत असावी. खाली सामानात गेलेले इन्शुलिन गोठण्याची अगर हरवण्याची भीती असते. जेवणाआधीचे इंजेक्शन जेवण समोर आल्याशिवाय देऊ नये. नाहीतर साखर एकाएकी खाली जाते. दुसरी गोष्ट तिकिटाची. वाटेत विमान बदलावयाचे असेल तर सारा प्रवास एकाच तिकिटावर असावा. मग पुढचे विमान चुकले तरी पुढची सोय कंपनीने करावयाची असते. तिकिटे वेगवेगळी असली की तो भार आपल्यावर. तिसरी गोष्ट हक्काची. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे लांबच्या विमानाला चार तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर प्रवाशांना खाणेपिणे मिळावयास हवे. ते शांतपणे मागावे. मागण्यात संकोच कसला?

आणि समारंभाच्या दोन दिवस आधी पोहोचावे. हा नियम सौभाग्यवतीने माहेरून, म्हणजे अमरावतीहून आणला आहे. तिकडे लग्नाच्या दिवशी पोहोचणारा पाहुणा पाहुणा समजला जात नाही! त्या नियमामुळे आमचे सात तास गेले, पण समारंभ गेला नाही.

काळजी मिटल्यावर प्रश्न उरतो तो पहाऱ्याचा. वाचकहो, जरा आजूबाजूला पाहा. उशीर सर्वांना सारखा होतो, पण वाट्याला सारखा येत नाही. मुले पळतात, पुरुष चहाच्या निमित्ताने फिरून येतात आणि घरची बाई सात पिशव्यांच्या मधोमध बसून राहते. आम्ही तासातासाच्या पाळ्या लावल्या. चिरंजीवांचीही सुटका नव्हती. सौभाग्यवतीला सलग दोन तास मोकळे मिळाले.

मुंबईच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये २०१४ पासून देशभरच्या हजारो कलावस्तू मांडलेल्या आहेत. लोक त्यांच्यावरून चाकांच्या बॅगा ओढीत धावत जातात. ही त्या पाहत सावकाश हिंडली. परतल्यावर म्हणाली, “दोन तास मला कुणी हाक मारली नाही. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.” यावर मला उत्तर सुचले नाही. पण परदेशातही पाळ्या तशाच चालू राहिल्या आणि अकोल्याला परतल्यावरही दर रविवारी ते दोन तास तिचे आहेत.

इकडे चिरंजीवांच्या फोनची बॅटरी संपली आणि नाइलाजाने ते आजीपाशी बसले. पहाऱ्याची पाळी दोघांची होती. त्याने विचारले, “आजी, तू किती शिकलीस?” आई म्हणाली, “मले सातवीतून काढलं. आता नातीची ती काळी टोपी पाहाले चालली.” इतक्या वर्षांत ही गोष्ट तिने मलाही सांगितली नव्हती. समारंभात नातीच्या डोक्यावर ती टोपी आली, तेव्हा सर्वांत आधी टाळी वाजवली ती चौदा वर्षांच्या नातवाने. आणि तो पाहत होता आजीकडे.

उशीर व्हावा असे कोण म्हणेल? पण तो झालाच, तर औषध, तिकीट आणि अन्न यांची सोय पाहावी, पहारा वाटून घ्यावा आणि शेजारी बसलेल्या माणसाला एखादा प्रश्न विचारावा. घरी त्याचे उत्तर ऐकण्याइतकी सवड आपल्याला क्वचितच असते.