टाके निघाले, तरी उपचार संपत नाहीत

घरातल्या कुणी स्वतःला इजा करून घेतली, की आपण धावत दवाखाना गाठतो. टाके पडतात, माणूस घरी येतो. मग वस्तीत बोभाटा नको म्हणून आपण पुढची तारीख टाळतो. पण घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडेच जास्त जोखमीचे असतात.

जखमेसाठी : धनुर्वाताचे इंजेक्शन झाले का, ते विचारावे. पट्टी कोरडी ठेवावी. लाली, सूज, पू, ताप दिसला किंवा बोटे बधिर झाली, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.

मनासाठी : सुट्टी मिळण्याआधीच मानसोपचार विभागाची तारीख केसपेपरवर लिहून घ्यावी. घरातल्या एकाने सोबत जावे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात; त्या मनाने बंद करू नयेत. घरातली औषधे आणि धारदार वस्तू दुसऱ्याने सांभाळाव्यात. टोमणे मारू नयेत. “पुन्हा तसे विचार येतात का?” असे शांतपणे विचारल्याने विचार वाढत नाहीत, माणूस बोलता होतो.

पोलिसांच्या भीतीने उपचार लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरले जाते. त्याला उपचार आणि पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य आहे.

रात्री-अपरात्री बोलायचे असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. जिवाला धोका वाटला, तर १०८ ला फोन करावा आणि माणसाला एकटे सोडू नये.

एखादी तारीख चुकली, तरी दुसऱ्या दिवशी जावे. दवाखान्याचे दार बंद होत नाही.