यंत्र बदलले तरी अक्षर टिकावे

देवळा तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीने वीस वर्षांपूर्वी संगणकावर लिहून ठेवलेला ग्रामसभेचा ठराव आज नव्या संगणकावर उघडावा, तर पुष्कळदा मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांची सरमिसळ दिसते. कागद हरवला नाही, त्याला वाळवी लागली नाही; तरीही ठराव वाचता येत नाही. असे का होते आणि ते कसे टाळता येईल, हे समजण्यासाठी संगणक-विक्रेते व विद्यापीठे यांच्या सहकार्याचा इतिहास उपयोगी पडेल.

यंत्रांतर म्हणजे काय?

एका संगणकासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या घडणीच्या संगणकावर चालेल अशी करणे, याला पोर्टिंग म्हणतात. भाषांतराच्या धर्तीवर त्यास यंत्रांतर म्हणता येईल. भाषांतरकाराला दोन्ही भाषा याव्या लागतात, तद्वतच येथे आज्ञावलीची मूळ संहिता आणि नव्या यंत्राची अंतर्गत माहिती ही दोन्ही हाती असावी लागतात. पहिली विद्यापीठाजवळ असते, दुसरी विक्रेत्याजवळ. दोघांपैकी एकाने जरी हात आखडता घेतला, तरी काम अडते.

अथेना प्रकल्पाचा धडा

अमेरिकेतील एमआयटी या शिक्षणसंस्थेने १९८३ मध्ये अथेना प्रकल्प हाती घेतला. विद्यार्थ्यांसाठी वर्कस्टेशन, म्हणजे स्वतंत्र व समर्थ संगणक, उपलब्ध करून देणे हा त्याचा हेतू होता. डिजिटल व आयबीएम या कंपन्यांनी यंत्रे दिली आणि आपले तंत्रज्ञही संस्थेत पाठविले. तथापि दोन्ही कंपन्यांच्या यंत्रांची घडण भिन्न होती. विद्यार्थ्याने कोणत्याही यंत्रासमोर बसावे व त्याला तीच आज्ञावली वापरता यावी, हे कसे साधावे?

उत्तराचा आरंभ स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला होता. तेथील ‘डब्ल्यू’ नावाची खिडकी-पद्धती १९८३ मध्ये डिजिटलच्या सहकार्याने त्या कंपनीच्या व्हीएस-१०० पडद्यावर आणली गेली. तिच्या आधारे एमआयटीतील रॉबर्ट शाइफ्लर यांनी १९८४ मध्ये ‘एक्स’ ही नवी पद्धती रचली. अथेना प्रकल्पात काम करणारे डिजिटलचे तंत्रज्ञ जिम गेटीस हे त्यांचे सहकारी होते.

या पद्धतीचे मर्म साधे आहे. पडद्याशी थेट संबंध येणारा भाग वेगळा ठेवला आणि इतर आज्ञावलींनी त्याच्याशी ठरावीक संदेशांतून बोलावे, असे ठरविले. त्यामुळे नवे यंत्र आले की मुख्यतः पडद्याचा भाग नव्याने लिहावा लागे. बाकीच्या आज्ञावलींना फारसा धक्का लागत नसे. मूळ संहिता सर्वांना खुली असल्याने विक्रेत्यांनी स्वतःच ती आपापल्या यंत्रांवर आणली. यात त्यांचाही लाभ होता. तयार आज्ञावली चालणारे यंत्र ग्राहक आनंदाने घेतो. अथेना प्रकल्प १९९१ मध्ये संपला. एक्स पद्धती मात्र पुढेही वापरात राहिली.

मुंबईतील प्रयत्न

खुल्या संहितेचे फळ महाराष्ट्रालाही मिळाले. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने ‘इंडिक्स’ या प्रकल्पात एक्स पद्धतीतच भारतीय लिप्या दाखविण्याची सोय करण्याचे काम केले. ते सोपे नव्हते. ‘शिक्षक’ या शब्दासाठी संगणकात सहा संकेत साठवावे लागतात. पहिली वेलांटी ‘श’नंतर साठविली जाते, पण दिसते मात्र त्याच्या आधी, आणि क, हलन्त व ष मिळून ‘क्ष’ होतो. ही जुळणी प्रत्येक आज्ञावलीने स्वतंत्रपणे करण्यापेक्षा ती एकाच ठिकाणी व्हावी, हा यामागील विचार होता. हे केंद्र पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले.

पुण्यातील सी-डॅकने आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ पासून पुढे नेले. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. आरंभी सांगितलेला ठराव वाचता येत नाही, कारण तो अशा कोणत्याही मानकात नव्हे, तर एखाद्या फॉन्टच्या खाजगी संकेतांत लिहिलेला असतो. तो फॉन्ट गेला की अक्षरही गेले.

आपण काय करावे?

शाळा, महाविद्यालये व ग्रामपंचायती यांनी संगणक वा आज्ञावली घेताना काही गोष्टी लेखी करून घेणे हिताचे आहे. सर्व मजकूर युनिकोडमध्ये साठविला जाईल काय? करार संपल्यावर संपूर्ण माहिती दुसऱ्या यंत्रावर नेता येईल अशा स्वरूपात परत मिळेल काय? आज्ञावली मुद्दाम बनवून घेतली असल्यास तिची मूळ संहिता व माहितीपुस्तिका संस्थेच्या ताब्यात राहील काय? स्थानिक कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कोण देईल? जुन्या फॉन्टमधील दप्तरही ते फॉन्ट हाताशी आहेत तोवर रूपांतरित करून, मूळ कागदाशी ताडून घ्यावे.

यंत्राचे आयुष्य थोड्या वर्षांचे असते. जमिनीची नोंद, शाळेचा दाखला आणि ग्रामसभेचा ठराव यांची गरज मात्र पुढील पिढ्यांनाही पडते. विक्रेत्याची निवड करताना या दीर्घ काळाचा विचार झाला पाहिजे.