नाव वितळली की विरघळली?

केळापूर तालुक्यातल्या एका शाळेत मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोल कोरून हातभर लांबीची नाव केली. ती टणक व्हावी म्हणून सरांनी नागपूरहून काचतंतूंचे कापड आणि डबाभर रेझिन आणले. कापड पसरून ब्रशने रेझिन लावले आणि पाहता पाहता नाव पोटात खचली. मुलांनी प्रदर्शनात तो सांगाडाच मांडला, खाली चिठ्ठी लावून: 'उष्णतेने वितळली'. मला ती नाव सगळ्या चालू यंत्रांपेक्षा आवडली. निष्कर्ष मात्र अपुरा होता.

बाजारात सहज आणि स्वस्त मिळणारे रेझिन म्हणजे पॉलिएस्टर. ते स्टायरीन नावाच्या द्रवात विरघळवलेले असते. हार्डनर घातला की हे स्टायरीन पॉलिएस्टरच्या साखळ्या एकमेकींना बांधते आणि द्रवाचा घन होतो. या क्रियेत उष्णता निघते, तेवढे मुलांचे बरोबर. पण थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, त्याच स्टायरीनच्या रेणूंची माळ, हवेने फुगवलेली. रेझिन घट्ट होण्याआधीच त्यातल्या स्टायरीनने थर्माकोल विरघळवला. वर्गात हे दाखवायचे तर थर्माकोलच्या तुकड्यावर ॲसिटोनचे चार थेंब टाका. उष्णता नसतानाही खड्डा पडतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि काडेपेटी दूर.

मग नावेत फोम घालायचाच कशाला? दोन पुठ्ठ्यांमध्ये थर्माकोलची पट्टी नुसती ठेवा, दोन विटांवर टेकवा आणि मध्ये वजन द्या. पट्टी वाकेल, पुठ्ठे एकमेकांवरून सरकतील. आता तीच पट्टी फेविकॉलने चिकटवून, पूर्ण वाळवून पुन्हा पाहा. वाकताना वरचा पुठ्ठा दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधला फोम त्यांना सरकू देत नाही. एकसंध पट्टीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. सँडविचमध्ये हा फायदा फारसे वजन न वाढवता मिळतो.

म्हणून फोमने सरकण्याचा जोर सोसला पाहिजे. पॉलियुरेथेनचा फोम स्टायरीनमध्ये विरघळत नाही, पण हलक्या प्रतीचा असेल तर थराखाली त्याचा भुगा होतो. नावांसाठी पीव्हीसीचा खास फोम वापरतात, तो पॉलिएस्टरलाही दाद देत नाही. बाल्सा लाकूड उभ्या रेषांनी कापून लावले तर फार मजबूत, मात्र भेगेतून पाणी शिरले की कुजते.

गाभा फोमचाच हवा असे नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या ५६ फुटी 'म्हादेई'त रेड सीडरच्या पट्ट्यांवर काचतंतू आणि इपॉक्सीचे थर आहेत. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये याच नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय.

इपॉक्सीत स्टायरीन नसते, त्यामुळे ते थर्माकोलवरही चालते. आकसते कमी, चिकटते अधिक, पाणीही कमी शोषते. महाग आहे, आणि शिस्तीचे. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा कमीजास्त चालतो. इपॉक्सीत हार्डनर हा क्रियेतला भागीदार असतो, जास्त घातला तर लवकर नव्हे तर कच्चे राहते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हिशेबही धरावा लागतो. तापमान दहा अंशांनी वाढले की रेझिन घट्ट होण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्यात डब्यात एकदम जास्त कालवले तर ते ब्रशला लागण्याआधीच तापून धुरावते. थंड वातावरणात घट्ट केलेले साधे इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडू लागते, आणि विदर्भाच्या उन्हात काळा पृष्ठभाग सहज याहून जास्त तापतो. त्यामुळे नाव पांढरी रंगवावी.

सरांनी आता इपॉक्सी मागवले आहे. प्रयोगशाळेचा तराजू, रबरी हातमोजे आणि जानेवारीची सकाळ असा बेत आहे. मुलांनी निम्मी नाव इपॉक्सीची आणि निम्मी पुन्हा पॉलिएस्टरची करायचा हट्ट धरला आहे.