‘नाही’ म्हणण्याचे मोल

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांनी उज्जैनवरून जाणाऱ्या मध्यरेषेवरची ठिकाणे सांगताना वत्सगुल्माचेही नाव घेतले आहे. आकाशाच्या अभ्यासाशी आपल्या गावाचा संबंध एवढाच, असे मला वाटत असे. निवृत्तीनंतर एका जुन्या लॅपटॉपवर मी ‘स्पेस वॉर्प्स’ या लोकविज्ञान प्रकल्पाच्या मोहिमेत सहभागी झालो आणि हे मत बदलले.

तेथे काम असते गुरुत्वीय भिंगे शोधण्याचे. एखाद्या अवजड दीर्घिकेच्या नेमकी मागे, खूप दूर, दुसरी दीर्घिका असेल तर तिचा प्रकाश पुढचीच्या गुरुत्वाकर्षणामुळे वळतो. मागची दीर्घिका मग कंसासारखी, चार ठिपक्यांसारखी किंवा क्वचित पूर्ण कड्यासारखी दिसते. काचेच्या पेल्याच्या जाड तळातून पणतीची ज्योत पाहावी, तसा हा प्रकार. शिवाय ती अधिक तेजस्वी दिसते. नारायणगावजवळच्या ‘जीएमआरटी’ दुर्बिणीने टिपलेला, सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा क्षीण संदेश २०२३ मध्ये जाहीर झाला, तो अशाच भिंगामुळे. भिंगाने तो सुमारे ३० पट वाढवला होता.

पण अशी भिंगे दुर्मीळ. ‘स्पेस वॉर्प्स’ २०१३ मध्ये सुरू झाला. त्याच्या तीन प्रमुखांपैकी एक डॉ. अनुप्रीता मोरे, पुण्याच्या ‘आयुका’शी त्यांचे नाव जोडलेले आहे. पहिल्या मोहिमेत सुमारे ३७ हजार लोकांनी सुमारे ४ लाख ३० हजार चित्रे तपासली. एकूण १ कोटी १० लाख वेळा निर्णय दिले गेले आणि हाती लागली ५९ नवी संभाव्य भिंगे.

हिशेब सांगताच शेजारची नववीतली नात म्हणाली, “आबाजी, मंग बाकीचं समदं फुकट गेलं का जी?”

प्रश्न माझ्याही मनात होता. कारण पहिल्याच आठवड्यात मी एक ठळक निळा कंस ‘काही नाही’ म्हणून पुढे ढकलला होता. लगेच सूचना आली : हे संगणकाने मुद्दाम घातलेले खोटे भिंग होते, तुमच्याकडून सुटले. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला हे लागले. मग घाबरून मी दिसेल त्या डागावर खूण करू लागलो. तेव्हाही सूचना आलीच : या चित्रात भिंग नाही.

खरी पद्धत येथेच आहे. खऱ्या चित्रांत उत्तर ठाऊक असलेली चित्रे मिसळलेली असतात. त्यांवरून प्रत्येकाचे ‘आहे’ किती खरे आणि ‘नाही’ किती खरे, हे वेगवेगळे मोजले जाते. पुढे त्याच्या प्रत्येक निर्णयाला तेवढेच वजन मिळते. भरवशाच्या अनेकांनी ‘नाही’ म्हटले की चित्र बाजूला होते आणि तज्ज्ञांपुढे मोजकीच उरतात. म्हणजे ‘नाही’ फुकट जात नाही. रास उपसते ती त्यानेच. चूक झाली तरी ती प्रामाणिक असावी, एवढीच अट.

आता चाळण्याचे काम यंत्रेही करतात. मार्च २०२५ मध्ये ‘युक्लिड’ दुर्बिणीच्या पहिल्या माहितीतून सुमारे ५०० संभाव्य भिंगे जाहीर झाली. त्यांत आधी यंत्राने निवड केली, मग नागरिकांनी, शेवटी तज्ज्ञांनी. यंत्राला शिकवायलाही तपासलेली उदाहरणे लागतातच.

नागरिकांनी शोधलेल्याचे पुढे काय होते? २०१४ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमाच्या निमित्ताने सर्वसामान्य प्रेक्षकांनी चित्रे चाळली, त्यांत एक तांबडे कडे सापडले. ‘नाईन-आय-ओ-नाईन’ नावाच्या त्या दीर्घिकेचा प्रकाश ११०० कोटींहून अधिक वर्षे प्रवास करून आला आहे. २०२३ मध्ये तिच्यातच, तोवरच्या सर्वांत दूरच्या दीर्घिकीय चुंबकीय क्षेत्राचा शोध लागला.

मुळात हा विषय आइन्स्टाइन यांनी १९३६ मध्ये छापला, तो मांडल नावाच्या एका हौशी माणसाच्या आग्रहावरून. त्या टिपणाच्या आरंभीच त्यांनी तसे नोंदवले आहे. ताऱ्यामुळे होणारा हा परिणाम प्रत्यक्ष दिसण्याची आशा मात्र त्यांना नव्हती. पहिले गुरुत्वीय भिंग सापडले १९७९ मध्ये.

मला अजून एकही नवे भिंग सापडलेले नाही. नातीला मी तेच सांगितले. तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला, बराच वेळ एक चित्र न्याहाळले आणि ठामपणे म्हणाली, “नाही.” मी तिला पुढचे चित्र दाखवले.