प्रौढ वयातील सुंतेनंतरची शुश्रूषा
शिश्नाग्रावरील कातडी आवळून मागे न सरकणे, म्हणजेच फायमोसिस, हा विकार प्रौढांत पुष्कळदा अनियंत्रित मधुमेहामुळे उद्भवतो आणि ती कातडी काढण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे सुंता, केल्यावर काही दिवस सूज व ठणका राहतो. झोपेत येणाऱ्या ताठरतेने टाके ताणले जातात, म्हणून निजण्यापूर्वी लघवी करून घ्यावी. विरघळणारे टाके साधारण 2-3 आठवड्यांत गळतात, तरी शरीरसंबंध 4 ते 6 आठवडे टाळावाच. चंद्रपूर-गडचिरोलीत रोवणीचा चिखल आणि तेंदूपत्त्यासाठीची रानातली पायपीट ओल्या जखमेला घातक असल्याने, हंगाम टळेल अशी तारीख डॉक्टरांकडे निःसंकोच मागावी. रक्त न थांबल्यास, पू वा ताप आल्यास, अथवा लघवी अडल्यास, संकोचापायी न थांबता 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.